सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह : अल्ट्रासाऊंड नेमके काय मोजते?

हृदयातून बाहेर पडणारे रक्त महाधमनीत सेकंदाला सुमारे एक मीटर इतका वेग गाठते आणि धमन्यांना फाटे फुटत जाऊन त्यांच्या केशवाहिन्या होईपर्यंत हाच वेग सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटरवर येतो. केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते, तिचा व्यास पाच ते दहा मायक्रोमीटर म्हणजे जवळजवळ एका तांबड्या पेशीएवढा असतो आणि प्राणवायू, साखर व टाकाऊ द्रव्ये यांची देवघेव तेथेच व्हायची असल्याने रक्ताने तेथे रेंगाळणे आवश्यक असते. तिच्या अलीकडे दहा ते शंभर मायक्रोमीटर व्यासाच्या धमनिका असतात आणि त्या आपल्या स्नायूंच्या आकुंचनाने कोणत्या भागाला किती रक्त द्यायचे हे ठरवतात. मधुमेह, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, गर्भारपणातील प्रीएक्लॅम्प्सिया, संधिवात, कर्करोग असे एकमेकांशी फारसे नाते नसलेले आजार आपली सुरुवातीची खूण याच पातळीवर उमटवतात आणि त्या वेळी मोठ्या धमन्या पुष्कळदा निर्दोष दिसतात. म्हणूनच या सूक्ष्म वाहिन्यांतील प्रवाह रुग्णाच्या शरीराला धक्का न लावता, किरणोत्सर्गाशिवाय आणि खाटेजवळ बसून मोजता यावा, यासाठी सहा दशकांहून अधिक काळ अल्ट्रासाऊंडचे, म्हणजे मानवी कानाच्या मर्यादेपलीकडील वारंवारतेच्या ध्वनीचे, तंत्र घडवले जात आहे.

या प्रयत्नांचा आढावा घेताना आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्या अभावी या विषयातील बराचसा गोंधळ निर्माण झाला आहे. ‘प्रवाह’ हा एकच शब्द तीन वेगळ्या राशींसाठी वापरला जातो : रक्त किती वेगाने सरकते, ऊतीच्या एखाद्या तुकड्यात कोणत्याही क्षणी किती रक्त आहे, आणि त्या तुकड्याला दर मिनिटाला किती रक्त मिळते. वैद्यकाला खरी गरज असते ती तिसऱ्या राशीची. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते असे म्हटले जाते, तेव्हा तीच राशी अभिप्रेत असते. अल्ट्रासाऊंड मात्र थेट मोजते ते पहिली राशी किंवा दुसरी, आणि तिसरीपर्यंत पोचण्यासाठी कोणते तरी गृहीतक मध्ये घालावे लागते. कोणत्या पद्धतीत हे गृहीतक कोठे दडले आहे आणि ते कितपत टिकते, हाच या क्षेत्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

ज्या भौतिक नियमावर हे सारे उभे आहे तो ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे जोडताऱ्यांच्या रंगांविषयी निबंध वाचताना मांडला होता. लहरींचा स्रोत निरीक्षकाकडे येत असेल तर त्यांची वारंवारता वाढल्यासारखी आणि दूर जात असेल तर घटल्यासारखी भासते, हा तो नियम. ध्वनीच्या बाबतीत बॉयस बॅलट यांनी १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये आगगाडीवर तुताऱ्या वाजवणारे वादक बसवून तो पडताळला. रक्ताला हा नियम लागू करण्याचे काम मात्र शंभर वर्षांनंतरचे आहे. ओसाका विद्यापीठातील शिगेओ सातोमुरा यांनी १९५७ मध्ये हृदयाच्या हालचाली डॉपलर पद्धतीने टिपल्याचे प्रसिद्ध केले आणि लवकरच त्यांचे लक्ष रक्तवाहिन्यांकडे वळले. १९६१ मध्ये सिॲटल येथील डीन फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातून परतणाऱ्या ध्वनीच्या वारंवारतेतील फरकावरून प्रवाह मोजता येतो हे दाखवले. आरंभीच्या यंत्रांना खोलीचे भान नव्हते, म्हणजे प्रोबच्या (शरीरावर टेकवून ध्वनी सोडणाऱ्या व टिपणाऱ्या उपकरणाच्या) वाटेत येणाऱ्या सर्व वाहिन्यांचे आवाज एकत्र ऐकू येत. १९७० च्या सुमारास ध्वनीचे छोटे स्पंद सोडून त्यांच्या परतीच्या वेळेवरून खोली ठरवण्याची रीत आली आणि १९८५ मध्ये जपानमधील चिहिरो कासाई व सहकाऱ्यांनी सलग स्पंदांच्या परस्परतुलनेतून वेगाचा झटपट अंदाज काढण्याची गणिती युक्ती प्रसिद्ध केल्यावर आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात दिसणारे लाल-निळे चित्र शक्य झाले.

लहान वाहिन्यांपाशी मात्र हे तंत्र अडते आणि ते का अडते हे आकड्यांतून पाहणे उपयुक्त ठरते. परतणाऱ्या ध्वनीच्या वारंवारतेतील फरक मूळ वारंवारतेच्या आणि रक्ताच्या वेगाच्या प्रमाणात असतो, आणि ध्वनीची दिशा व वाहिनीची दिशा यांच्यातील कोन जसजसा वाढतो तसतसा तो घटत जाऊन काटकोनात शून्य होतो. मऊ ऊतीत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरला, प्रोब ५ मेगाहर्ट्झचा घेतला आणि कोन ६० अंश मानला, तर सेकंदाला एक मीटर धावणाऱ्या रक्तामुळे सुमारे ३,२०० हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक कानांनी ऐकू येण्याजोगा असतो आणि जुनी डॉपलर यंत्रे ध्वनिक्षेपकावर तोच ऐकवीत असत. केशवाहिनीतील सेकंदाला एक मिलिमीटर वेगाच्या रक्तामुळे मात्र याच परिस्थितीत केवळ तीन हर्ट्झचा फरक पडतो. रुग्णाचा श्वास, हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारी ऊती, प्रोब धरलेल्या हाताचा कंप या सर्वांमुळे होणारे फरक याच पट्ट्यात किंवा त्याहून वर पडतात आणि ऊतीचा प्रतिध्वनी रक्ताच्या प्रतिध्वनीपेक्षा कित्येक दशक डेसिबलने, म्हणजे शेकडो ते हजारो पटींनी, बलवान असतो. ही अडचण टाळण्यासाठी यंत्रात ठरावीक मर्यादेखालील सर्व फरक गाळून टाकणारी गाळणी बसवलेली असते. ती ५० हर्ट्झवर ठेवली तर वरील परिस्थितीत सेकंदाला १५ मिलिमीटरपेक्षा मंद असलेले सारे रक्त पडद्यावरून नाहीसे होते, आणि पडद्यावर जेथे काळोख दिसतो तेथे रक्त नाही असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. ‘प्रवाह आढळला नाही’ या अहवालातील वाक्याचा अर्थ ‘या गाळणीच्या वर प्रवाह आढळला नाही’ एवढाच असतो, हे प्रत्येक अहवालात लिहिले गेले पाहिजे. क्वचितच ते लिहिले जाते.

दुसरी अडचण वेळेची आहे. रंगीत डॉपलर चित्रात प्रत्येक रेषेसाठी साधारणतः आठ ते सोळा स्पंद खर्च केले जातात आणि सेकंदाला हजार स्पंद सोडले तर एका जागेचे निरीक्षण जेमतेम सोळा मिलिसेकंद होते. तीन हर्ट्झच्या बदलाचे एक आवर्तन पुरे व्हायलाच सुमारे ३०० मिलिसेकंद लागत असल्याने इतक्या अल्प निरीक्षणात तो स्थिर ऊतीपासून वेगळा ओळखणे गणिताच्याच दृष्टीने अशक्य ठरते. तिसरी अडचण बारकाईची : ५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर असते आणि तरंगलांबीच्या अर्ध्यापेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी सर्वसाधारण प्रतिमेत वेगळ्या दिसत नाहीत. वारंवारता वाढवली तर बारकाई सुधारते आणि रक्ताचा प्रतिध्वनी वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढत असल्याने तोही लाभ मिळतो. परंतु दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा डेसिबल या दराने ध्वनी ऊतीत शोषला जातो. परिणामी ५० मेगाहर्ट्झचा प्रोब ३० मायक्रोमीटर तरंगलांबी देतो खरा, पण त्याची पोच थोड्या मिलिमीटरांपुरतीच राहते. उंदरांवरील संशोधन, त्वचा आणि डोळ्याचा पुढचा भाग येथे अशा प्रोबांनी मोलाचे काम केले आहे, मात्र यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदू त्यांच्या आवाक्याबाहेर आहेत.

वेग अचूक मिळाला तरी प्रवाह हाती येत नाही, याचे कारण वाहिनीच्या व्यासात आहे. वाहिनीच्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणून एक मिलिमीटर व्यासाच्या धमनीत व्यास मोजताना ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर प्रवाहाच्या आकड्यात सुमारे २० टक्क्यांची चूक शिरते, आणि ही चूक तरंगलांबीपेक्षाही लहान असल्याने ती टाळणे अवघड असते. त्यापुढे जाऊन, फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बारीक काचनळ्यांवरील प्रयोगांतून दाखवल्याप्रमाणे दाब तोच असेल तर नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. याचाच अर्थ असा की धमनिका किंचित आकसली तरी तिच्यातील प्रवाह फार मोठ्या प्रमाणात घटतो. डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी मध्यवर्ती धमनी हे याचे बोलके उदाहरण आहे. तिचा व्यास ०.२ मिलिमीटरच्याही आत असल्याने अल्ट्रासाऊंडने तो मोजता येत नाही, तरीही तिच्यातील वेग मात्र नोंदता येतो. काचबिंदूच्या रुग्णांत हा वेग कमी आढळला, तर वाहिनी रुंदावल्यामुळे तो कमी झाला की पुढील पुरवठा घटल्यामुळे, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. वेगावरून थेट रक्तपुरवठ्याविषयी विधान करणारे निबंध या कारणाने सावधपणे वाचावे लागतात.

व्यासाच्या आणि कोनाच्या या अडचणीतून वाट काढण्यासाठी चिकित्सकांनी गुणोत्तरांचा आधार घेतला. हृदय आकुंचन पावताना मिळणारा सर्वाधिक वेग आणि हृदय शिथिल होण्याच्या अखेरीस उरणारा वेग यांतील फरकाला सर्वाधिक वेगाने भागले की रोध-निर्देशांक मिळतो; हाच फरक सरासरी वेगाने भागला तर स्पंदन-निर्देशांक मिळतो. दोन्हींत कोन अंशस्थानी व छेदस्थानी सारखाच असल्याने तो रद्द होतो आणि व्यासाची गरजच पडत नाही. त्यामागील तर्क असा की पुढील सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे मोकळे असेल तर हृदय शिथिल असतानाही रक्त पुढे सरकत राहते आणि ते जाळे आकसलेले किंवा नष्ट झालेले असेल तर शिथिलतेच्या काळात प्रवाह थांबतो किंवा उलटही फिरतो. अशा रीतीने डोळ्याला न दिसणाऱ्या वाहिन्यांची अवस्था त्यांच्या अलीकडील, दिसू शकणाऱ्या धमनीवरून वाचली जाते.

या तर्काचे सर्वांत भक्कम यश प्रसूतिशास्त्रात दिसते. १९७७ मध्ये डब्लिन येथील फिट्झजेरल्ड व ड्रम यांनी नाळेतील धमनीचा प्रवाह डॉपलरने नोंदल्यानंतर असे लक्षात येत गेले की वारेतील सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे विरळ असलेल्या आणि म्हणून वाढ खुंटलेल्या गर्भाच्या नाळेत शिथिलतेच्या अखेरचा प्रवाह प्रथम घटतो, मग शून्यावर येतो आणि अतिशय बिकट अवस्थेत उलटा होतो. जोखमीच्या गर्भारपणांत ही तपासणी केल्याने काय साधते, याचे यादृच्छिक चाचण्यांवर आधारलेले कॉक्रेन आढावे उपलब्ध आहेत. २०१७ च्या आढाव्यात दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून प्रसूतीच्या आगेमागे होणारे बालमृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. जोखीम नसलेल्या गर्भारपणांत हाच लाभ आढळला नाही आणि ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे, कारण सरसकट प्रत्येक गर्भवतीची डॉपलर तपासणी करून घेण्याची प्रथा शहरांतून वाढत असताना तिच्यामागे पुरावा नाही, याची जाणीव कुटुंबांना करून दिली जात नाही.

गर्भाच्या मेंदूतील मधल्या धमनीचे उदाहरण आणखी उद्बोधक आहे. आईच्या व गर्भाच्या रक्तगटांच्या विसंगतीमुळे गर्भाच्या रक्तपेशी फुटतात तेव्हा त्याचे रक्त पातळ होते आणि हृदय अधिक रक्त फेकू लागल्याने मेंदूच्या धमनीतील कमाल वेग वाढतो. जानकार्लो मारी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार हा वेग गर्भारपणाच्या त्या आठवड्याच्या मध्यम मूल्याच्या दीडपटीपेक्षा अधिक असणे ही खूण धरली तेव्हा मध्यम किंवा तीव्र रक्तक्षयाचा एकही गर्भ निसटला नाही आणि निरोगी गर्भांपैकी १२ टक्के तेवढे चुकून संशयित ठरले. त्यापूर्वी या निदानासाठी गर्भजलात वारंवार सुई घालावी लागत असे. या तपासणीत रक्तपुरवठा मोजण्याचा कोणताही दावा नाही. विचारलेला प्रश्न वेगाविषयीचा आहे आणि मोजलेली राशीही वेगच आहे. तिच्या यशाचे श्रेय यंत्राच्या प्रगतीइतकेच प्रश्न नेमका निवडण्याला द्यावे लागते.

याच जातीची दुसरी तपासणी महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. विदर्भात तसेच नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि या विकारात लहान मुलांनाही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. रूने आस्लिड यांनी १९८२ मध्ये कानशिलाच्या पातळ हाडातून २ मेगाहर्ट्झचा ध्वनी पाठवून मेंदूच्या तळाच्या धमन्यांतील वेग मोजून दाखवला. त्यानंतर रॉबर्ट ॲडम्स यांनी अमेरिकेतील सिकलसेलग्रस्त मुलांवर काम करून हे सिद्ध केले की या धमन्यांतील सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या मुलांत झटक्याचा धोका फार मोठा असतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अशा १३० मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना नियमित रक्त देण्यात आले आणि त्या गटात झटक्याचा धोका ९२ टक्क्यांनी घटला. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने रक्त देण्याची जागा योग्य त्या रुग्णांत घेता येते, हे २०१६ मध्ये आणखी एका चाचणीने दाखवले आणि त्यातही मोजमापाची राशी हाच वेग होती. येथेही वेग दोन कारणांनी वाढू शकतो, धमनी अरुंद झाल्याने किंवा रक्तक्षयामुळे एकूण प्रवाह वाढल्याने. परंतु दोन्ही कारणे धोक्याकडेच बोट दाखवत असल्याने मोजमापाची संदिग्धता निर्णयाच्या आड येत नाही. भारतीय रुग्णांत आढळणारा सिकलसेलचा अरब-भारतीय जनुकीय प्रकार गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे अधिक प्रमाण राखतो, म्हणून अमेरिकी मुलांवरून ठरलेली २०० ची मर्यादा गडचिरोलीच्या मुलाला जशीच्या तशी लावावी की नाही, हे येथील मुलांच्या दीर्घकालीन पाहणीवरूनच ठरवले पाहिजे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. रक्ततपासणीत आजार निश्चित झालेल्या प्रत्येक मुलापर्यंत ही डॉपलर तपासणी पोचवणे हा त्या मोहिमेचा स्वाभाविक पुढचा टप्पा ठरतो, कारण टाळता येणारा पक्षाघात टाळणे यापेक्षा अधिक मोलाचे काम या तंत्राकडून क्वचितच घडेल.

निर्देशांकांचा भरवसा कोठे सुटतो हे मात्र प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या कहाणीवरून कळते. २००३ मध्ये रॅडरमाखर आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की मूत्रपिंडातील बारीक धमन्यांचा रोध-निर्देशांक ०.८० किंवा त्याहून अधिक असेल तर ते मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता मोठी असते, आणि अनेक केंद्रांनी हा आकडा अवयवाच्या आतील आजाराचे माप म्हणून स्वीकारला. दहा वर्षांनंतर बेल्जियममधील लुव्हेन येथील नेसेन्स आणि सहकाऱ्यांनी ठरावीक काळाने घेतलेल्या मूत्रपिंडाच्या तुकड्यांशी हा निर्देशांक ताडून पाहिला, तेव्हा त्याचा संबंध मूत्रपिंडातील बिघाडाशी नव्हे, तर ज्याच्या शरीरात ते बसवले त्या व्यक्तीच्या वयाशी आणि मोठ्या धमन्यांच्या ताठरतेशी असल्याचे दिसले. नाळेच्या बाबतीत टिकलेला तर्क येथे का ढासळला, याचे उत्तर शरीररचनेत आहे : निर्देशांक हा पुढील रोध, मागून येणारी दाबलहर आणि मधल्या नळ्यांची लवचीकता या तिघांचे मिळून फलित असतो आणि गर्भाच्या कोवळ्या धमन्यांत शेवटचे दोन घटक फारसे बदलत नसले तरी साठीतल्या रुग्णात ते अतोनात बदललेले असतात.

वेगाचा नाद सोडून केवळ हलणाऱ्या रक्ताच्या प्रतिध्वनीची ताकद रंगात दाखवणारी पॉवर डॉपलर पद्धत १९९४ मध्ये जोनाथन रुबिन आणि सहकाऱ्यांनी पुढे आणली. तिला कोनाची अडचण कमी भासते, मंद प्रवाह ती अधिक संवेदनशीलतेने टिपते, आणि म्हणून संधिवातात बोटांच्या सांध्यांभोवतीच्या अस्तरात उगवलेल्या नव्या वाहिन्या पाहण्यासाठी ती सर्वत्र वापरली जाते. मात्र प्रतिध्वनीची ताकद रक्ताच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. रक्तातील पेशींचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असताना ती सर्वाधिक असते, त्यापुढे पेशी दाटीने वावरू लागल्यावर उलट घटते, आणि मंद प्रवाहात पेशींच्या चवडी बनू लागल्या की पुन्हा वाढते. शिवाय सुंदर चित्राने रुग्णाचे हित साधतेच असे नाही. नॉर्वेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत सांध्यांच्या सोनोग्राफीवरून औषधांची मात्रा ठरवलेल्या रुग्णांना, केवळ हातांनी सांधे तपासून उपचार केलेल्या रुग्णांपेक्षा अधिक लाभ झाला नाही, आणि औषधांचा वापर मात्र वाढला.

तिसऱ्या राशीच्या, म्हणजे ऊतीला मिळणाऱ्या रक्ताच्या, सर्वांत जवळ पोचणारी पद्धत सूक्ष्म बुडबुड्यांची आहे. रक्तात टोचलेल्या द्रवातील बुडबुडे ध्वनीला प्रखरपणे परतवतात, हे ग्रॅमियाक आणि शाह यांनी १९६८ मध्ये नोंदवले होते. पुढे चरबीच्या किंवा प्रथिनाच्या पातळ कवचात सल्फर हेक्झाफ्लुओराइडसारखा जड, अल्पविद्राव्य वायू बंद करून काही मायक्रोमीटर व्यासाचे टिकाऊ बुडबुडे तयार झाले. तांबड्या पेशींहून मोठे नसल्याने ते केशवाहिन्यांतून सहज जातात, भिंत ओलांडून बाहेर पडत नाहीत आणि वैद्यकीय वारंवारतांवर आकुंचन-प्रसरण पावून मूळ वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेचा ध्वनीही परत पाठवतात, ज्यामुळे त्यांना ऊतीपासून वेगळे ओळखता येते. १९९८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील केव्हिन वेई, संजीव कौल आणि सहकाऱ्यांनी हृदयस्नायूसाठी एक नेटकी युक्ती मांडली. बुडबुड्यांचा संथ, अखंड पुरवठा चालू ठेवायचा, एका जोरदार स्पंदाने प्रतिमेच्या पट्ट्यातील सारे बुडबुडे फोडायचे आणि नव्या बुडबुड्यांनी तो पट्टा पुन्हा कसा भरतो हे पाहायचे. भरण्याचा दर वेग सांगतो, भरून झाल्यावर स्थिरावलेली तीव्रता रक्ताचे घनफळ सांगते आणि दोहोंचा गुणाकार प्रवाहाच्या प्रमाणात असतो. हा गुणाकार मिलिलिटरमध्ये बदलण्यासाठी मात्र प्रतिमेची तीव्रता आणि बुडबुड्यांची संख्या यांचे नाते ठाऊक असावे लागते. ते खोलीनुसार, यंत्रानुसार आणि रुग्णाच्या अंगकाठीनुसार बदलत असल्याने एकाच रुग्णाच्या उपचारापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना ग्राह्य ठरते, दोन रुग्णांची मात्र संशयास्पद राहते.

गेल्या दोन दशकांतील खरा पालट पॅरिसमधील मातियास फिंक आणि मिकाएल टांटर यांच्या गटाने घडवला. ध्वनी रेषारेषांनी पाठवण्याऐवजी संपूर्ण पट्टा एकाच सपाट लहरीने उजळायचा आणि परतलेल्या सर्व प्रतिध्वनींची प्रतिमा संगणकाने रचायची, ही त्यामागील कल्पना. पाच सेंटिमीटर खोलीपर्यंत जाऊन परतण्यास ध्वनीला सुमारे ६५ मायक्रोसेकंद लागत असल्याने सेकंदाला पंधरा हजारांपर्यंत प्रतिमा मिळू शकतात, आणि स्पष्टतेसाठी निरनिराळ्या कोनांतील लहरी एकत्र केल्या तरी हजारभर उरतात. यामुळे प्रत्येक बिंदूचे शेकडो मिलिसेकंद सलग निरीक्षण होते आणि वर वर्णन केलेली वेळेची अडचण मुळातच दूर होते. गाळणीही बदलली. ऊती हलते तेव्हा तिचे शेजारशेजारचे सारे बिंदू एकसाथ हलतात, रक्तपेशी मात्र विखुरलेल्या रीतीने सरकतात. जसे पालखीबरोबर सरकणाऱ्या गर्दीतून उलटसुलट वाट काढणारा एखादा माणूस उंचावरून चटकन ओळखू येतो, तसे हे रक्त प्रतिमांच्या मोठ्या संचातून गणिताने वेगळे काढता येते. २०१५ मध्ये देमने आणि सहकाऱ्यांनी ही गाळणी प्रसिद्ध केल्यावर मंद प्रवाहासाठी तीच प्रमाण मानली जाऊ लागली. ऊतीचा भाग कोठे संपतो आणि रक्ताचा कोठे सुरू होतो ही सीमा मात्र अजूनही निरीक्षकाच्या निवडीवर अवलंबून असते आणि अगदी मंद केशवाहिन्या या सीमेच्या चुकीच्या बाजूला पडतात.

या वेगवान पद्धतीमुळे २०११ मध्ये उंदराच्या मेंदूत मिश्या हलवल्यावर कोणता भाग जागा होतो हे तेथील रक्ताच्या वाढीवरून पाहता आले, आणि २०१७ मध्ये नवजात बालकांच्या न भरलेल्या टाळूतून त्यांच्या मेंदूतील आकडीच्या झटक्यांचा मागोवा घेतला गेला. या प्रयोगांत वाढलेली राशी रक्ताच्या घनफळाची आहे, हे त्यांच्या कर्त्यांनी स्पष्ट केले असले तरी त्यांचा उल्लेख करणाऱ्या लेखनात ती सर्रास ‘प्रवाह’ बनते.

त्याच गटाने बुडबुडे आणि वेगवान प्रतिमा यांची सांगड घातली तेव्हा तरंगलांबीची भिंतही ओलांडली गेली. बुडबुडे विरळ असतील तर प्रत्येकाचा प्रतिध्वनी पसरट ठिपक्यासारखा दिसतो. ठिपका मोठा असला तरी त्याचे केंद्र काही मायक्रोमीटरच्या अचूकतेने शोधता येते, आणि लाखो बुडबुड्यांची केंद्रे एकावर एक मांडली की वाहिन्यांचे जाळे उमटते. २०१५ मध्ये एरिको आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतील दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या वाहिन्या अशा रीतीने दाखवल्या, तर २०२१ मध्ये देमने, पेरेन आणि सहकाऱ्यांनी प्रौढ रुग्णांच्या कवटीच्या आडून २५ मायक्रोमीटरपर्यंत बारकाई साधली. प्रत्येक बुडबुड्याचा माग काढल्याने वेग आणि दिशा दोन्ही मिळतात आणि कोनाची जुनी समस्या प्रतिमेच्या पातळीपुरती सुटते. या यशाची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. एका केशवाहिनीतून बुडबुडा क्वचितच जातो, म्हणून तिचे चित्र उमटण्यास कित्येक सेकंद ते मिनिटे लागतात. तोवर रुग्णाने केलेली लहानशी हालचालही दहा मायक्रोमीटरचे चित्र पुसून टाकते, आणि ज्या वाहिनीतून बुडबुडा गेलाच नाही ती रोगाने बंद आहे की निव्वळ वाट पाहणे अपुरे पडले, हे चित्र सांगू शकत नाही. मधुमेहात सूक्ष्म वाहिन्या नष्ट होतात असे या पद्धतीने दाखवायचे असेल तर निरीक्षणाचा काळ प्रथम जाहीर केला पाहिजे.

सुरक्षेचा मुद्दाही डॉपलरच्या बाबतीत निराळा होतो. डॉपलर तपासणीत एकाच जागी ध्वनी अधिक काळ केंद्रित होत असल्याने ऊती तापण्याची शक्यता साध्या सोनोग्राफीपेक्षा अधिक असते. डोळ्यासाठी अमेरिकी नियामकांनी ठरवलेली तीव्रतेची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॉट आहे, तर इतर अवयवांसाठी ती ७२० पर्यंत आहे. यंत्रातील नेहमीची मांडणी न बदलता डोळ्याची धमनी पाहणे म्हणूनच अयोग्य ठरते.

भारतात या तंत्राचा प्रसार गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या चौकटीत होतो. स्त्रीभ्रूणहत्येच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला असा कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि आज प्रत्येक यंत्राची नोंदणी, त्याची जागा आणि ते हाताळणारी व्यक्ती यांवर कडक बंधने आहेत. या बंधनांची गरज निर्विवाद आहे; त्याचबरोबर सिकलसेलग्रस्त मुलांच्या तपासणीसाठी फिरत्या यंत्राची योजना आखताना नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि नोंदवह्या यांची तरतूद पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात असावी लागते, अन्यथा यंत्र तालुक्याच्या ठिकाणी कुलूपबंद राहते.

संशोधनाच्या पातळीवर सर्वांत निकडीचे काम मोजपट्टीचे आहे. ऊतीसारख्या जेलमध्ये बारीक नळी बसवून, तिच्यातून रक्तासारखा द्रव ठरावीक दराने सोडून यंत्राचा आकडा त्या दराशी ताडण्याची पद्धत मोठ्या वाहिन्यांसाठी रुळलेली आहे. शंभर मायक्रोमीटरच्या आत मात्र नळ्यांचे जाळे बनवणे, त्यात पेशींची खरी दाटी राखणे आणि भिंतींना जिवंत धमनिकेची लवचीकता देणे ही तिन्ही कामे कठीण आहेत. त्यातच १९३१ मध्ये फोरेअस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवल्याप्रमाणे ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्ताची भासमान चिकटाई घटत जाते, त्यामुळे मोठ्या नळीवरील नियम खाली जसेच्या तसे लावता येत नाहीत. गाळणीची सीमा, प्रोबची वारंवारता, बुडबुड्यांची मात्रा आणि निरीक्षणाचा काळ या चार बाबी प्रत्येक निबंधात नोंदवण्याची सक्ती नियतकालिकांनी केली, तर निदान एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीला तपासून पाहता येईल. आणि असे जेल तयार करण्यास लागणारे साहित्य साधे असल्याने हे काम मुंबई-पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये व वैद्यकीय महाविद्यालये यांना एकत्र येऊन आजही हाती घेता येण्यासारखे आहे.